बॉयलरला पाणी कोण घालते?

६ मार्च १८६७ च्या संध्याकाळी औरंगाबादेत एक नोटीस लागलेली आहे. सत्तावनच्या उठावातील एका म्होरक्याला जिवंत किंवा मृत हजर करणाऱ्यास दोन हजार पौंडांचे इनाम मिळेल, तो सध्या मुंबई इलाख्यात असल्याची खबर आहे आणि त्याचे नाव धोंडोपंत आहे, असा तिचा मजकूर. लोक त्याला कोणत्या नावाने ओळखतात, ते मात्र एका प्रतीवर वाचता येत नाही, कारण कागदाचा तेवढा तुकडा नदीकाठी एका फकिराने टरकावून नेलेला आहे. ते नाव कोणते आणि तो फकीर कोण असावा, हे ओळखण्यासाठी मराठी वाचकाला पान उलटावे लागत नाही. ज्यूल व्हर्नच्या ‘द स्टीम हाउस’ या कादंबरीची ही सुरुवात आहे. मूळ फ्रेंचमध्ये ती १८७९-८० या काळात मुलांसाठी आणि कुटुंबासाठी निघणाऱ्या एका पाक्षिकात क्रमशः छापली गेली. चौथ्या प्रकरणात व्हर्न आपल्याला थेट वेरूळच्या लेण्यांत घेऊन जातो. हे गृहस्थ हिंदुस्थानात कधी आले नव्हते. त्यांनी जे काही रंगवले, ते पुस्तके आणि नकाशे समोर ठेवून.

पुढे या कादंबरीत वाफेवर चालणारा पोलादी हत्ती अवतरतो. बँक्स नावाच्या इंजिनियरने तो भूतानच्या राजासाठी घडवलेला असतो, पण राजा मरतो, त्याच्या वारसांना हत्तीचे काही सोयरसुतक नसते, आणि मग बँक्स त्या हत्तीच्या मागे चाकांवर चालणारी दोन घरे जोडून मित्रमंडळींसह कलकत्त्याहून हिमालयाच्या तराईकडे निघतो. हत्तीच्या पोटात बॉयलर आहे, सोंडेतून धूर निघतो, आणि वेळ पडली तर तो पाण्यातूनही तरत जातो. वाफेच्या युगातल्या कल्पित यंत्रांच्या ज्या कथाप्रकाराला आज स्टीमपंक म्हणतात, त्याची सगळी लक्षणे या एका जनावरात आहेत. हे नाव मात्र शंभराहून अधिक वर्षांनी, १९८७ साली, के. डब्ल्यू. जीटर या अमेरिकन लेखकाने एका मासिकाला लिहिलेल्या पत्रातून रूढ झाले.

व्हर्नपर्यंत मी उलट्या वाटेने पोहोचले. माझी भाची नववीत आहे आणि तिच्या वयाच्या वाचकांसाठी इंग्रजीत लिहिल्या गेलेल्या या जातीच्या कादंबऱ्या ती एकामागून एक फस्त करते. सुट्टीत ती लातूरला आमच्याकडे आली, की तिच्या पिशवीतली पुस्तके माझ्या टेबलावर येतात, आणि मी कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवत असल्यामुळे ती वाचताना माझ्या डोक्यात नको ते प्रश्न येतात. व्हिक्टोरिया राणीच्या काळातले लंडन असते, धुके असते, पितळी दुर्बिणी, किल्लीवर चालणारे नोकर आणि ढगांत तरंगणारी वाफेची जहाजे असतात. नायक किंवा नायिका चौदा-पंधरा वर्षांची असते, बहुधा पोरकी किंवा आईबापांना नकोशी झालेली, आणि साम्राज्याविरुद्धचा एखादा कट तिच्या हाती लागतो. हे सगळे मला मनापासून आवडते. फक्त दर वीस-पंचवीस पानांनी मी थांबते आणि विचारते, की या जहाजाच्या बॉयलरमध्ये पाणी कोण भरते आहे आणि ते आणते कुठून?

“अगं मावशी, गोष्ट वाच की! हिशोब काय घेऊन बसलीस?” असे भाची म्हणते, आणि तिच्या बाजूने ते बरोबरच आहे.

माझा हा हट्ट घरातूनच आलेला आहे. माझे मामा नॅरोगेजवर, म्हणजे अरुंद रुळांच्या रेल्वेवर, फायरमन होते. बार्शी लाइटच्या इंजिनावर त्यांनी कोळसा ओढला आणि निवृत्तीनंतर त्यांच्या बोलण्यात कोळशापेक्षा पाणीच जास्त येत असे. इंजिनात ड्रायव्हरसमोर पाण्याची पातळी दाखवणारी काचेची उभी नळी असते. फायरमनचा एक डोळा भट्टीवर आणि दुसरा त्या नळीवर असावा लागतो, कारण भट्टीच्या छतावर पाण्याचा थर नसेल तर ते पोलाद तापून मऊ पडते आणि बॉयलरचा दाब त्याला आत ढकलतो. तसे होऊ नये म्हणून भट्टीच्या छतात शिशाच्या मिश्रधातूने भरलेला प्लग बसवलेला असतो. पाणी खाली गेले, की तो प्लग वितळतो, वाफ भट्टीत शिरते आणि आग दाबून टाकते. “कोळसा कमी पडला तर गाडी थांबते, पाणी कमी पडलं तर गाडी उडते,” एवढ्या एका वाक्यात मामा हे सगळे शास्त्र सांगत. वर्गात दाब, तापमान आणि अवस्थांतर शिकवताना मी अजूनही हे वाक्य वापरते. पाठ्यपुस्तकातील आकृतीपेक्षा ते मुलांच्या लक्षात राहते.

पाण्याची वाफ झाली, की साध्या हवेच्या दाबाला तिचे आकारमान सुमारे सोळाशे पटींहून अधिक वाढते, आणि वाफेच्या यंत्राची सगळी ताकद या प्रसरणात आहे. जहाजांवर आणि मोठ्या कारखान्यांत वापरलेली वाफ थंड करून तिचे पाणी परत बॉयलरमध्ये घालता येते. आगगाडीच्या इंजिनात ती सोय सहसा नसते; वापरलेली वाफ धुराड्यातून बाहेर फेकली जाते आणि तिच्याच झोताने भट्टीला हवा मिळते. आपण लहानपणी ज्याला झुकझुक म्हणत होतो, तो आवाज म्हणजे पाणी कायमचे निघून जाण्याचा आवाज आहे. एक किलो कोळशामागे साधारण सहा ते आठ किलो पाणी लागते. म्हणून ठरावीक अंतरावर टाकी आणि पाण्याचा खांब असलेले स्टेशन हवे, तिथे पाणी हवे, आणि ते पाणी टाकीत चढवणारे कुणीतरी हवे. आता हेच यंत्र हवेत न्यायचे म्हटले, तर अडचण किती वाढते ते पाहा. आँरी जिफार या फ्रेंच माणसाने १८५२ साली खरोखरच वाफेवर चालणारे हवाई जहाज उडवले. त्याचे इंजिन तीन अश्वशक्तीचे होते. ठिणगीने वरचा हायड्रोजन पेटू नये म्हणून धुराड्याचे तोंड खाली वळवलेले होते. पॅरिसहून निघून त्याने सुमारे सत्तावीस किलोमीटर अंतर कापले, पण वाऱ्यापुढे त्याच इंजिनाच्या बळावर परत येणे त्याला जमले नाही. कादंबऱ्यांतील जहाजे अटलांटिक ओलांडतात आणि त्यांत नाचाच्या मेजवान्याही होतात.

अर्थात कल्पनारम्य कादंबरीकडून वजनकाट्याची अपेक्षा करणे हा अरसिकपणाच झाला. पाण्याचा प्रश्न मी वेगळ्याच कारणासाठी विचारते. लेखकाने पाणी आणि कोळसा कुठून येतो याचा विचार केला असेल, तर त्याला तो आणणारी माणसे दिसलेली असतात, आणि ती दिसली की कादंबरी बदलते. ज्या कादंबरीत ती दिसत नाहीत, तिथे पितळ चकाकते, दातेरी चक्रे फिरतात, पण सारे काही दुकानाच्या काचेआड मांडल्यासारखे राहते. गेल्या काही सुट्ट्यांत जे वाचले, त्यातले चांगले आणि सुमार वेगळे करण्यासाठी मला ही एकच चाचणी पुरली.

गेल कॅरिगर यांची ‘एटिकेट अँड एस्पिओनाज’ ही २०१३ सालची कादंबरी या चाचणीला उत्तम उतरते. काळ १८५१ चा. सोफ्रोनिया ही चौदा वर्षांची उनाड मुलगी, आईने तिला सुधारण्यासाठी शिष्टाचार शिकवणाऱ्या शाळेत घातलेली; ती शाळा डार्टमूरच्या माळावर तरंगणाऱ्या हवाई जहाजात भरते आणि मुलींना मुजरा कसा करावा याच्या जोडीने हेरगिरी व विषप्रयोगही शिकवते. विनोद खुसखुशीत आहे, लांडगामानव आणि रक्तपिपासू उमराव यांचीही त्यात भर आहे. पण मला धरून ठेवले ते बॉयलर खोलीने. जहाजाच्या तळाशी काजळीने माखलेली पोरे कोळसा घालतात. वर राहणाऱ्या मुलींनी तिकडे फिरकू नये, असा दंडक आहे. सोफ्रोनिया जहाजाच्या बाहेरच्या अंगाने चढत-उतरत तिथे पोहोचते आणि त्यांच्यातल्या सोप नावाच्या कृष्णवर्णीय मुलाशी तिची मैत्री होते. पुढे तिला जी मदत मिळते, ती अनेकदा याच मुलांकडून. तिच्याजवळ बंबरस्नूट नावाचा यांत्रिक कुत्राही आहे. आखूड पायांचा, लांबट अंगाचा. तो कोळसा खातो. हा कोळसा तिला मागून आणावा लागतो आणि त्यामुळे तिचे बॉयलर खोलीत जाणे-येणे चालू राहते. एका खेळण्यासारख्या यंत्राला भूक दिली आणि तिच्या निमित्ताने नायिकेला दोन थरांमधून ये-जा करायला लावली, ही कॅरिगर यांची हुशारी आहे.

भुकेचा विचार स्कॉट वेस्टरफेल्ड यांनी सर्वांत पुढे नेला आहे. त्यांची ‘लेव्हायथन’ ही २००९ सालची कादंबरी व्हिक्टोरियाच्या काळात घडत नाही, १९१४ सालच्या महायुद्धाच्या तोंडावर घडते. तरी ती याच घराण्यातली आहे. एका बाजूला पायांवर चालणारी इंजिने बनवणारे जर्मन व ऑस्ट्रियन आहेत, दुसऱ्या बाजूला जिवांचे धागे जुळवून जिवंत यंत्रे घडवणारे ब्रिटिश. लेव्हायथन हे हवाई जहाज म्हणजे देवमाशापासून घडवलेला एक अवाढव्य जीव आहे, ज्याच्या पोटातील जंतू हायड्रोजन तयार करतात, आणि गळती हुंगून काढण्यासाठी त्यावर सहा पायांची कुत्री पाळलेली आहेत. वटवाघळांना अंजिरांतून लोखंडी टोचे खाऊ घालतात आणि लढाईच्या वेळी लाल प्रकाश टाकला, की ती घाबरून शत्रूवर त्या टोच्यांची विष्ठा करतात. हा सगळा गोतावळा रोज खातो. जहाज स्वित्झर्लंडमधल्या हिमनदीवर कोसळते, तेव्हा कथानकाचा पेच गोळ्याबारुदीचा राहत नाही. जखमी जहाजाला खायला काय घालायचे, हा पेच होतो. शत्रुपक्षातला राजपुत्र आलेक आपल्या किल्ल्यात साठवलेले धान्य घेऊन येतो आणि तिथून त्याची व मुलाच्या वेषात सैन्यात शिरलेल्या डेरिनची गाठ पक्की बसते. दुष्काळी मुलखातल्या वाचकाला ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. किथ थॉम्पसन यांची त्यातली चित्रेही सावकाश पाहण्यासारखी आहेत. चालत्या इंजिनाच्या गुडघ्याचा सांधा कसा वळेल, याचा चित्रकाराने विचार केलेला दिसतो.

कॅसॅन्ड्रा क्लेअर यांच्या ‘क्लॉकवर्क एंजल’वर भाची खूश आहे आणि मी नाही. त्यात १८७८ चे लंडन आहे आणि किल्लीवर चालणाऱ्या माणसांची फौज आहे, पण ती यंत्रे पडद्यामागची भुते म्हणूनच येतात; लेखिकेचा सगळा जीव दोन तरुणांमध्ये अडकलेल्या नायिकेत आहे. मला ते साल मात्र छळत राहिले. १८७६ ते १८७८ हा दख्खनच्या मोठ्या दुष्काळाचा काळ, ज्याची झळ मद्रास, मुंबई, म्हैसूर आणि निजामाच्या राज्यालाही लागली. त्याच दुष्काळात १ जानेवारी १८७७ रोजी दिल्लीला दरबार भरवून व्हिक्टोरिया ही हिंदुस्थानची सम्राज्ञी झाल्याचे जाहीर केले गेले. वाफेच्या गाड्यांनी दुष्काळी भागात धान्य आणले, तसेच ते बंदरांकडेही नेले. कादंबरीकाराने हे सर्व लिहायलाच हवे होते, असे माझे म्हणणे नाही. परंतु लंडनच्या धुक्याचे वर्णन तीन पाने चालते, तेव्हा त्या धुक्यातल्या कोळशाच्या मागे आणखी काय काय जळत होते, हे इथे बसून वाचणाऱ्याच्या मनात येणारच.

फिलिप रीव्ह यांनी ही गोची विनोदाने सोडवली आहे. २००६ सालच्या ‘लार्कलाइट’मध्येही १८५१ साल आहे, पण ब्रिटिश साम्राज्य अंतराळात पसरले आहे, कारण न्यूटनने त्याची किमया शोधून ठेवली होती. आर्ट ममबी हा मुलगा आणि मर्टल ही त्याची थोरली बहीण चंद्रापलीकडे फिरणाऱ्या एका जुनाट, गळक्या घरात राहतात आणि एके दिवशी पांढरे अजस्र कोळी त्या घरावर चालून येतात. निवेदक आर्टच आहे. इंग्लंड म्हणजे सर्व सद्गुणांचे माहेर, हे तो इतक्या प्रामाणिक निरागसपणाने सांगतो, की त्याच्या प्रत्येक वाक्यातून साम्राज्याचे हसू होत जाते. अंतराळातल्या दरोडेखोरांच्या टोळीत नाना ग्रहांवरचे जीव आहेत, त्यांतल्या बहुतेकांना साम्राज्याने पोळलेले आहे, आणि आर्टला ते हळूहळू उमगते. डेव्हिड वायट यांची चित्रे आणि जुन्या जाहिरातींची नक्कल केलेली पाने हा वेगळाच आनंद आहे. यातल्या जहाजांना वाफ लागत नाही, त्यामुळे माझी चाचणी इथे लागू होत नाही, आणि ती मी मुकाट्याने बाजूला ठेवली.

या सगळ्या कथांच्या मुळाशी एक खरी गोष्ट आहे. चार्ल्स बॅबेज या गणितज्ञाने आकडेमोडीचे कोष्टक तपासताना, हे सगळे वाफेने करता आले असते तर बरे झाले असते, अशा अर्थाचे उद्गार काढले, आणि १८२० च्या दशकात गणनयंत्र बांधायला घेतले. सरकारने त्यावर सुमारे सतरा हजार पौंड घातले आणि १८४२ मध्ये हात आखडता घेतला. त्याच्या पुढच्या, अधिक महत्त्वाकांक्षी यंत्राविषयी एडा लव्हलेस यांनी १८४३ साली टिपणे लिहिली. बॅबेजचे एक यंत्र त्याच्याच आराखड्यांवरून लंडनच्या सायन्स म्युझियमने १९९१ साली बांधून दाखवले आणि ते चालले. ते त्याच्याच हयातीत चालले असते तर जग कसे झाले असते, या प्रश्नावर गिब्सन आणि स्टर्लिंग यांनी १९९० मध्ये प्रौढांसाठी जाडजूड कादंबरी लिहिली. मुलांच्या हातात ती देऊ नये. कंटाळा येऊन ती या प्रकारालाच रामराम ठोकतील.

आता आमच्या भागातील वाफेविषयी. व्हर्नच्या नोटिशीच्या वेळी औरंगाबादेत रेल्वे नव्हती. निजामाच्या मुलखातली मनमाड ते हैदराबाद ही मीटरगेज लाइन विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर सुरू झाली. लातूरला गाडी १९११ साली आली, तीही नॅरोगेजची. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप या इंग्रज इंजिनियरने दोन फूट सहा इंच रुंदीची बार्शी लाइट रेल्वे उभारली आणि तिचा बार्शी-कुर्डुवाडी हा पहिला टप्पा १८९७ मध्ये, म्हणजे व्हिक्टोरिया राणीच्या राज्याच्या साठाव्या वर्षी सुरू झाला. हलक्या रुळांवर जड माल कसा न्यायचा, तर वजन जास्त चाकांवर सारखे वाटायचे, हे त्याचे तंत्र होते. हाच माणूस पुढे पॅराशूटकडे वळला. विमान उडवताना त्याचा मित्र चार्ल्स रोल्स १९१० साली मरण पावला आणि त्यानंतर कॅल्थ्रॉपने ‘गार्डियन एंजल’ नावाचे पॅराशूट तयार केले. त्याला अरबी घोड्यांचाही नाद होता आणि घोड्यांवर त्याने पुस्तक लिहिले आहे. माळरानावरची छोटी आगगाडी, घोडे आणि आकाशातून उडी मारण्याची छत्री एकाच माणसाच्या डोक्यात असणे, ही कुठल्याही कादंबरीकाराला आयती मिळालेली सामग्री आहे.

तीच लाइन पुढे मिरजेपर्यंत गेली आणि कालांतराने ब्रॉडगेज झाली. एप्रिल २०१६ मध्ये लातूरचे नळ कोरडे पडले, तेव्हा मिरजेहून रेल्वेच्या टाक्यांतून पाणी आले. पहिल्या गाडीला दहा टाक्या होत्या आणि प्रत्येकीत पन्नास हजार लिटर पाणी होते. पूर्वी या मार्गावरच्या गाडीला स्टेशनावर थांबून पाणी प्यावे लागे. आता गाडीने पाणी आणले आणि ते प्यायला शहर थांबले होते. त्या दिवसांत आमच्या गल्लीत टँकर येण्याच्या वेळेवर सगळ्यांचे दिवसाचे वेळापत्रक ठरत असे. पाण्याविना चालणारे हवाई जहाज मला पटत नाही, त्याचे कारण आता वाचकांच्या लक्षात आले असेल.

वाफ मराठवाड्यातून नाहीशी झाली, असेही कुणी समजू नये. दसरा-दिवाळीच्या सुमारास साखर कारखान्यांत बॉयलर अग्निप्रदीपनाचा समारंभ होतो. सपत्नीक पूजा होते, फुलांचे हार बॉयलरला घातले जातात, अध्यक्षांची भाषणे होतात आणि मग भट्टी पेटते. जळण म्हणून उसाचे चिपाड वापरतात, म्हणजेच बगॅस, आणि त्या वाफेवर कारखाना तर चालतोच, शिवाय काही ठिकाणी वीजही विकली जाते. उसात सुमारे सत्तर टक्के पाणीच असल्यामुळे कारखान्याला लागणारे बरेचसे पाणी रसातून निघते. कारखाना उसाचे पाणी पितो आणि ऊस आमच्या बोअरचे. तो ऊस तोडायला बीड जिल्ह्यातून नवरा-बायकोच्या जोड्या निघतात. मुकादमाच्या वहीत त्या जोडीची नोंद ‘एक कोयता’ अशी होते. त्यांची मुले हंगामभर फडावरच्या कोपीत असतात आणि शाळेच्या हजेरीपटावर त्यांच्या नावापुढे गैरहजेरी लागत जाते. कॅरिगर यांच्या जहाजातील काजळी लागलेली पोरे वाचताना मला इंग्लंड आठवण्याचे कारण नव्हते.

वाफेच्या आधीची यंत्रविद्याही इथे होती. सतराव्या शतकाच्या आरंभी मलिक अंबरने खडकीला, म्हणजे पुढच्या औरंगाबादला, भूमिगत नहर खोदून पाणी आणले. हबशी देशातून गुलाम म्हणून विकला गेलेला आणि निजामशाहीचा कारभारी झालेला हा माणूस, त्याच्या या नहरींवर शहर पुढे कित्येक पिढ्या जगले. पाणचक्कीत तर डोंगराकडचे पाणी मातीच्या नळांतून आणून दाबाने उंच चढवले आहे. ते खाली कोसळते, चाक फिरते आणि जात्याचा दगड धान्य दळतो. दर्ग्यात येणाऱ्या फकीर-मुसाफिरांसाठी हे पीठ होते. मी भाचीला तिथे घेऊन गेले, तेव्हा तिने भिंतीवरून पडणारे पाणी एकदा पाहिले आणि नंतर बराच वेळ खाली वाकून चाकाचा आस कुठे जातो ते शोधत राहिली. कोळसा नाही, धूर नाही, पाण्याचा उतार हीच काय ती ताकद. असे एखादे शहर कल्पून किशोरांसाठी साहसकथा लिहायला मराठी लेखकाची कोणी वाट अडवलेली नाही. भा. रा. भागवतांनी व्हर्नला मराठीत आणले आणि फुरसुंगीच्या फास्टर फेणेला सायकलवर बसवून साऱ्या महाराष्ट्रात फिरवले. ती परंपरा आपल्याकडे आहे. इंग्रजी शाळांत जाणारी मुले लंडनचे धुके वाचतात आणि मराठी शाळांतल्या मुलांपर्यंत तेही पोहोचत नाही, याचे मला अधिक वाईट वाटते.

व्हर्नकडे परत यायला हवे, कारण त्याच्या बाबतीत माझे मत अजून एका जागी बसत नाही. ‘द स्टीम हाउस’मधले नानासाहेब हे सरळसरळ खलनायक आहेत, कानपुरात बायको गमावल्याचा सूड उगवायला निघालेला कर्नल मन्रो हा नायक. नानासाहेबांचे खरे काय झाले, ते नेपाळच्या तराईत नाहीसे झाल्यानंतर इतिहासालाही नीट सांगता आलेले नाही आणि त्या रिकाम्या जागेत व्हर्नने आपला पोलादी हत्ती घुसवला. आपण लहानपणापासून ज्यांचे नाव आदराने ऐकले, त्यांना वेरूळच्या लेण्यांत दबा धरून बसलेला पाहणे अवघड जाते. पण याच लेखकाने अवघ्या पाच वर्षांपूर्वी, १८७५ मध्ये पूर्ण झालेल्या ‘द मिस्टीरियस आयलंड’मध्ये, पाणबुडीचा कप्तान नेमो हा बुंदेलखंडचा राजपुत्र डक्कर असल्याचे उघड केले होते. सत्तावनच्या उठावात इंग्रजांशी लढलेला, त्यात आपले कुटुंब गमावलेला, आणि मग समुद्राखाली स्वतःचे राज्य उभारणारा हिंदी शास्त्रज्ञ. त्याची पाणबुडी विजेवर चालते, वाफेवर नाही. या साहित्यातल्या सर्वांत थोर यंत्रकाराला एका फ्रेंच लेखकाने आपला माणूस केले, आणि नानासाहेबांना मात्र त्याने तो मान दिला नाही. इंग्रज वाचक गमवायचा नव्हता, की हत्तीच्या मागे धावायला कोणीतरी दुष्ट हवाच होता, हे मला ठरवता येत नाही. बहुधा दुसरे कारण खरे असावे.

कुणाला घरातल्या मुलामुलीच्या हाती यातले काही द्यायचे असेल, तर सुरुवात ‘लार्कलाइट’ने करावी. इंग्रजी थोडे जुन्या वळणाचे आहे, पण मोठ्याने वाचून दाखवले तर सातवीतले मूलही हसते. त्यानंतर कॅरिगर, मग वेस्टरफेल्डची तिन्ही पुस्तके ओळीने. पुढचे दोन भाग २०१० आणि २०११ मध्ये आले आणि त्यांतला इस्तंबूलचा भाग मला पहिल्याहून सरस वाटला. व्हर्न सगळ्यांत शेवटी. त्याची जुनी इंग्रजी भाषांतरे इंटरनेटवर फुकट मिळतात. पहिली चार प्रकरणे सावकाश, नकाशा समोर ठेवून वाचावीत आणि मुलांना वेरूळ दाखवून आणावे. पुढे कॅप्टन हूड नावाचा एक शिकारी येतो, ज्याला पन्नासावा वाघ मारायचा आहे आणि जो त्याचा हिशोब प्रत्येक मुक्कामाला सांगतो. ते सगळे वाघ मी गाळले; कथेचे त्याने काही अडत नाही.